बरगडीला मुका मार: एक्स-रे स्वच्छ आहे, तरी श्वास घेताना इतके का दुखते?

सड्यावरची

माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ७१ वर्षांचे असून आईसोबत लांजा तालुक्यातील आमच्या गावी राहतात. गेल्या सोमवारी सकाळी पूजेची फुले काढून परत येताना घरामागच्या पाखाडीवर त्यांचा पाय घसरला. जांभ्याच्या पायऱ्यांवर श्रावणात किती शेवाळ धरते, हे कोकणातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. ते उजव्या कुशीवर पडले आणि काखेच्या खाली वीतभर अंतरावर पायरीची कड लागली. डोके आपटले नाही, शुद्ध हरपली नाही; ते स्वतः उठून घरी चालत आले आणि पुढचे दोन दिवस ‘मुका मार आहे, जाईल’ असे म्हणत त्यांनी अंगावर काढले.

तिसऱ्या दिवशी कूस बदलणेही अशक्य झाले, तेव्हा आईने त्यांना तालुक्याच्या ठिकाणी दवाखान्यात नेले. तिथे छातीचा एक्स-रे काढला. हाड मोडलेले दिसत नाही, असे सांगून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि दीर्घ श्वास घेत राहा, खोकला दाबू नका, अशी सूचना केली. घरी आल्यावर शेजारच्या काकांनी आग्रहाने एका हाडवैद्याला बोलावले. त्यांनी छातीभोवती रुंद पट्टा आवळून बांधला आणि तो २१ दिवस काढायचा नाही, असे सांगितले. पट्ट्यामुळे आधार वाटतो, असे अण्णा म्हणतात.

आज सहावा दिवस आहे. दुखणे कमी होण्याऐवजी वाढले आहे, असे त्यांना वाटते. शिंक येणार असे वाटले तरी ते घाबरून नाक दाबून धरतात. फोनवर बोलताना त्यांचे वाक्य मध्येच तुटते, कारण पूर्ण वाक्याला पुरेल इतका श्वास ते घेतच नाहीत. त्यांची ६ वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. रक्तदाबाची आणि ‘रक्त पातळ ठेवणारी’ ॲस्पिरिनची गोळी रोज सुरू आहे. वजन ५४ किलो आहे.

मी पुण्यात असते आणि उद्या रात्रीच्या गाडीने गावी निघत आहे. एक्स-रेमध्ये काहीच नसेल, तर इतके दुखते कशामुळे? पट्टा ठेवावा की काढावा? दुखत असताना मुद्दाम खोल श्वास घ्यायला आणि खोकायला सांगणे मला क्रूरपणाचे वाटते. त्यामागे काय कारण असेल? ज्यांना या विषयाची माहिती किंवा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

माजघर

ताई, काळजी करू नका. माझ्या आजोबांना बैलाने ढुशी दिली होती, तेव्हा त्यांनाही असाच पट्टा बांधला होता आणि आंबेहळदीचा गरम लेप दिवसातून दोन वेळा लावला होता. महिन्याभरात ते शेतावर जाऊ लागले. एक्स-रे स्वच्छ आहे म्हणजे हाड शाबूत आहे. मला वाटते, पट्टा राहू द्यावा आणि अण्णांना शक्य तितके कमी हलू द्यावे.

हालचाल

मी गेली १४ वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि छातीला मार लागलेले बरेच रुग्ण पाहिले आहेत. ‘माजघर’ यांनी आपुलकीने लिहिले आहे. त्यांच्या आजोबांना बरे वाटले याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, परंतु पट्टा आणि कमी हालचाल या दोन्ही बाबतींत मला नेमका उलटा सल्ला द्यावा लागेल. त्याची कारणे मांडते.

आपल्या छातीत बरगड्यांच्या १२ जोड्या असतात. वरच्या ७ जोड्या पुढच्या बाजूने कूर्चेच्या (हाडापेक्षा मऊ आणि लवचीक भागाच्या) साहाय्याने थेट उरोस्थीला, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाला, जोडलेल्या असतात, पुढच्या ३ जोड्या आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला टेकलेल्या असतात आणि शेवटच्या २ जोड्यांची टोके मोकळी असतात. पडल्यावर बहुधा मधल्या बरगड्यांना, म्हणजे चौथीपासून नववी-दहावीपर्यंत, इजा होते. अण्णांना लागले ती जागा त्यातच येते. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला लागून एक मज्जातंतू पाठीकडून पुढे येतो. म्हणून मार एका ठिकाणी असला तरी कळ पाठीपासून पोटापर्यंत पट्ट्यासारखी फिरते आणि ‘नेमके कुठे दुखते’ हे रुग्णाला कित्येकदा बोटाने दाखवता येत नाही.

आता एक्स-रेविषयी. बरगडी वक्र असते, एकीची सावली दुसरीवर पडते आणि हाड जागेवरून न सरकलेली बारीक भेग पहिल्या काही दिवसांत एक्स-रेमध्ये दिसत नाही, असे वारंवार घडते. कूर्चा तर साध्या एक्स-रेत उमटतच नाही, त्यामुळे बरगडी आणि कूर्चा यांच्या जोडाशी झालेली इजा त्यात सापडण्याची शक्यता फार कमी असते. दोन-तीन आठवड्यांनी हाड भरून येताना त्याभोवती गाठ धरू लागते आणि तेव्हा काढलेल्या चित्रात ‘अरेच्चा, इथे भेग होती’ असे लक्षात येते. पडल्यानंतरचा पहिला एक्स-रे मुख्यतः वेगळ्या कारणासाठी काढलेला असतो. फुप्फुसाबाहेर हवा किंवा रक्त साचले आहे का, हे डॉक्टरांना त्यात पाहायचे असते. म्हणून ‘एक्स-रे स्वच्छ’ याचा अर्थ त्या दिवशी छातीत मोठी गुंतागुंत दिसली नाही, एवढाच घ्यावा. बारीक भेग असो वा निव्वळ मुका मार, घरी करायचे उपचार जवळपास सारखेच असतात. त्यामुळे भेग शोधण्यासाठी लगेच सीटी स्कॅनचा आग्रह धरण्याचेही कारण नसते.

हात मोडला तर प्लास्टर घालून तो स्थिर ठेवता येतो. बरगडीला ती सोय नाही. मिनिटाला १५ श्वास धरले, तरी दिवसाला २१ हजारांहून अधिक वेळा ती वर उचलली जाते आणि खाली येते. तरीही ती भरून येते, कारण तिच्या वरच्या-खालच्या बरगड्या आणि मधले स्नायू तिला आपोआप आधार देत असतात. पट्टा आवळला की हालचाल कमी होते आणि दुखणे थोडे थांबते, हे अण्णा सांगतात ते खरेच आहे. पण त्याच पट्ट्यामुळे छाती फुलत नाही. छाती फुलली नाही की फुप्फुसाच्या तळाकडचे वायुकोश (हवेच्या बारीक पिशव्या) मिटून राहतात, कफ तिथेच साचतो आणि त्यात जंतुसंसर्ग झाला की न्यूमोनिया होतो. सत्तरीतल्या माणसाच्या बाबतीत मला मोडलेल्या बरगडीपेक्षा या न्यूमोनियाची भीती अधिक वाटते. हाडवैद्यांना दोष देऊ नये, असेही मी आवर्जून म्हणेन. एके काळी रुग्णालयांतसुद्धा छातीला रुंद चिकटपट्ट्या लावत असत. त्याचे तोटे दिसले, तेव्हा डॉक्टरांनी ती पद्धत सोडून दिली. ताई, पोहोचण्याची वाट न पाहता आजच फोन करून पट्टा काढायला सांगा.

पट्टा काढल्यावर आधाराला काय द्यायचे, तर घरातली साधी उशी. खोकला किंवा शिंक येते असे वाटले की उशी दुखऱ्या जागेवर ठेवून दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायची आणि मगच खोकायचे. हा आधार हवा तेव्हा मिळतो आणि खोकला झाला की निघून जातो. पट्ट्याचे तसे नाही.

श्वासाचा व्यायाम असा करावा. पाठ टेकून ताठ बसावे, खांदे सैल सोडावेत, नाकाने सावकाश श्वास घ्यावा आणि कळ येते त्या जागेच्या किंचित पुढेपर्यंत तो न्यावा. तिथे मनात तीन अंक मोजेपर्यंत थांबून ओठांचा चंबू करून हळूहळू सोडावा. जागे असताना दर तासाला असे १० श्वास घ्यावेत आणि शेवटी उशी दाबून एक-दोन वेळा खोकून कफ सुटतो का ते पाहावे. सलग १० जमत नसतील तर पाच-पाच घ्यावेत.

औषधाच्या दुकानात तीन चेंडूंचे श्वासाचे उपकरण मिळते. ते येताना पुण्याहून घेऊन जा, कारण गावी मिळेलच असे नाही. त्यात फुंकर मारायची नसते, नळी तोंडात धरून हवा आत ओढायची असते. मी पाहिलेल्या रुग्णांपैकी निम्मे तरी पहिल्या दिवशी त्यात फुंकत असतात आणि चेंडू हलत नाही म्हणून निराश होऊन ते कपाटावर ठेवून देतात. उपकरण उभे धरावे, आधी पूर्ण श्वास सोडावा आणि मग सावकाश ओढावे. बहुतेक उपकरणांवर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. अण्णांचा सुरुवातीला एकच चेंडू वर गेला तरी ती चांगली सुरुवात समजावी. झटका देऊन तिन्ही चेंडू क्षणभर उडवण्यापेक्षा एकच चेंडू दोन-तीन सेकंद वर तरंगत ठेवणे अधिक उपयोगाचे असते.

आणि त्यांना झोपवून ठेवू नका. घरातल्या घरात, ओटीवर, दिवसातून चार-पाच वेळा चालवा. रात्री सपाट झोपण्याऐवजी पाठीला तीन उशा लावून किंवा आरामखुर्चीत टेकून झोपू द्या. उठताना सरळ उठून बसायला लावू नका. आधी चांगल्या कुशीवर वळायचे, पाय खाटेखाली सोडायचे आणि हाताच्या कोपरावर जोर देत वर यायचे. आईंनी त्यांना काखेत हात घालून उचलू नये. प्रेमाने केलेली ती मदत दुखऱ्या बाजूला फार जोराने ओढते.

निवृत्त डॉक्टर, सातारा

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी ग्रामीण भागात ३५ वर्षे वैद्यकीय व्यवसाय केला आहे. त्या अनुभवातून गोळ्या आणि धोक्याच्या खुणा या दोन विषयांवर भर घालतो. माझे लिहिणे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे. अण्णांना प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा.

प्रथम तुमच्या तिसऱ्या प्रश्नाविषयी. दुखत असताना खोल श्वास घ्यायला सांगणे क्रूरपणाचे आहे, हे तुमचे म्हणणे मी पूर्ण मान्य करतो, जर आधी दुखणे कमी केले नसेल तर. आपल्याकडे वृद्ध माणसे ‘फार गोळ्या नकोत’ म्हणून कळ सोसतात आणि अगदी असह्य झाले की एक गोळी घेतात. इथे गोळी श्वास मोकळा व्हावा म्हणून घ्यायची असते. म्हणून ती घड्याळाप्रमाणे, ठरलेल्या अंतराने घ्यावी आणि गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम व चालणे करावे. पहिले आठ-दहा दिवस असे केले, तर खोकण्याची भीती बरीच ओसरते.

गोळी कोणती, याला अण्णांच्या बाबतीत फार महत्त्व आहे. पॅरासिटामॉल हे पहिले औषध. निरोगी प्रौढ माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा मानतात; परंतु ७१ वर्षे वय आणि ५४ किलो वजन पाहता ती ३ ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि यकृताचा आजार किंवा मद्यपानाची सवय असल्यास त्याहून कमी. त्यांना दवाखान्यातून किंवा दुकानातून मिळालेली गोळी कोणती आहे, ते पाकीट हातात घेऊन वाचा. आपल्याकडे ‘अंगदुखीची गोळी’ म्हणून बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक यांच्यासोबत पॅरासिटामॉल मिसळलेली गोळी दिली जाते. मग घरचे लोक वेगळी पॅरासिटामॉलही देतात आणि नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. शिवाय अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला डायक्लोफिनॅक देऊ नये. आयब्युप्रोफेनमुळे ॲस्पिरिनचा गुण कमी होऊ शकतो, आणि दोहोंमुळे जठरातून रक्तस्राव होण्याचा व मूत्रपिंडावर ताण येण्याचा धोका असतो. पाकिटावर यांपैकी काही आढळले, तर अँजिओप्लास्टीचा उल्लेख करून डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्या. ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने मुळीच बंद करू नका.

पॅरासिटामॉलने भागले नाही, तर डॉक्टर काही दिवसांसाठी ट्रॅमाडॉलसारखे औषध देऊ शकतात. त्याने गुंगी येते, पाखाडीच्या घरात गुंगी म्हणजे पुन्हा पडण्याला निमंत्रण, आणि बद्धकोष्ठही होते. शौचाला कुंथताना बरगडीत येणारी कळ रुग्ण लाजेने सांगत नाहीत, म्हणून मी आठवणीने लिहितो. पाणी, पालेभाजी आणि रात्री कोमट पाण्यातून इसबगोल, एवढी सोय पहिल्या दिवसापासून करावी. त्यातूनही दुखणे आवाक्यात येत नसेल, तर मोठ्या रुग्णालयात बरगडीच्या मज्जातंतूंभोवती भूल देण्याची सोय असते आणि तिचा वृद्धांना फार चांगला उपयोग होतो.

आंबेहळदीचा लेप लावायला हरकत नाही; कातडी भाजेल इतका गरम मात्र नको. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे धरणे हितकारक असते, त्यानंतर सौम्य शेकही चालतो. चोळणे आणि मालीश पूर्णपणे वर्ज्य. भेग असलेल्या हाडावर अंगठ्याने दाब देऊन ‘बरगडी बसवणे’ हा प्रकार मी पाहिला आहे आणि त्यानंतर हाडाचे टोक फुप्फुसात घुसलेला एक तरुणही पाहिला आहे.

आता धोक्याच्या खुणा. दम लागणे वाढत जाणे, मिनिटाला २४ पेक्षा अधिक श्वास, ओठ निळसर दिसणे, थुंकीतून रक्त, अचानक घेरी येऊन अंग गार पडणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ क्रमांकाला फोन करावा, सकाळची वाट पाहू नये. ताप, पिवळा-हिरवा कफ, किंवा वृद्ध माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागणे, हे न्यूमोनियाचे लक्षण असू शकते. वृद्धांना ताप न येताही न्यूमोनिया होतो, हे विशेष ध्यानात ठेवावे. बरगड्यांच्या खाली उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा आणि मागे मूत्रपिंडे असतात, म्हणून पोट कडक होणे, पोटात वाढत जाणारी कळ किंवा लालसर लघवी झाल्यास सोनोग्राफी तातडीने करून घ्यावी. उजवीकडे खालच्या बाजूला मार लागला आहे, म्हणून अण्णांच्या बाबतीत मी यकृताकडेही लक्ष ठेवले असते.

तुम्ही लिहिलेल्या एका वाक्याकडे मात्र मी पुन्हा पुन्हा येतो. सहाव्या दिवशी दुखणे वाढले आहे आणि बोलताना वाक्य तुटते आहे. मुका मार असो वा भेग, पहिल्या तीन-चार दिवसांनंतर हळूहळू उतार पडायला हवा. छातीत रक्त किंवा हवा साचण्याचा प्रकार कधी कधी काही दिवसांनी उघडकीस येतो आणि ॲस्पिरिन घेणाऱ्याच्या बाबतीत मी त्याला अधिक घाबरतो. म्हणून तुम्ही पोहोचेपर्यंत न थांबता उद्या सकाळीच त्यांना पुन्हा दाखवा आणि एक्स-रे पुन्हा काढा. अमेरिकेत ६५ वर्षांवरील रुग्णांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला होता. त्यात मोडलेल्या प्रत्येक अधिक बरगडीमागे न्यूमोनियाचा धोका २७ टक्क्यांनी वाढलेला आढळला. तरुण माणूस जी इजा सहज पचवतो, ती वृद्धाला जड जाते.

गोदाकाठ

डॉक्टरांनी प्लीहेचा उल्लेख केला म्हणून माझा अनुभव लिहितो. ३ वर्षांपूर्वी नाशिकमध्ये गच्चीवरची टाकी धुताना शिडीवरून घसरून मी टाकीच्या कठड्यावर डाव्या कुशीने आपटलो. त्या वेळी ४४ वर्षांचा होतो, एक्स-रे स्वच्छ होता आणि बरगडी दुखते त्यात नवल नाही, असे समजून मी कामावरही गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डाव्या खांद्याचे टोक दुखू लागले. खांद्याला काहीच लागले नव्हते. मी बाम चोळत बसलो. माझी वहिनी परिचारिका आहे. फोनवर सहज बोलता बोलता खांद्याचा विषय निघाला, तेव्हा तिने मला पुढचे वाक्य पूर्ण करू दिले नाही. खांदा हलवून पाहा, हलवल्याने वाढते का, असे विचारले. वाढत नव्हते. मात्र आडवे झाल्यावर वाढत होते.

सोनोग्राफीत प्लीहेभोवती रक्त आढळले. पोटात साचलेले रक्त श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याला) डिवचते आणि ती कळ खांद्यात जाणवते, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजले. ५ दिवस रुग्णालयात नजरेखाली ठेवले. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. अण्णांना उजवीकडे लागले आहे, म्हणून उजव्या खांद्याबद्दल त्यांना जरूर विचारा. वृद्ध माणसे ‘खांदा तर नेहमीच दुखतो’ असे म्हणून अशी गोष्ट सांगत नाहीत.

ठाणेकर

सवड होईल तेव्हा हाडांची घनता तपासून घ्यावी. माझ्या आईची बरगडी नुसती खुर्चीच्या हातावर आदळल्याने मोडली होती. एवढ्याशा आघाताने हाड मोडते म्हणजे ते ठिसूळ आहे, असे तिच्या डॉक्टरांनी सांगितले आणि डेक्सा तपासणीत तसेच निघाले. पुरुषांनाही हा आजार होतो, परंतु त्यांची तपासणी क्वचितच होते. तसेच अण्णांचा पाय शेवाळावरूनच घसरला की आधी घेरी आली, हे नीट विचारा. रक्तदाबाच्या गोळीने पहाटे वाकून उठताना अंधारी येऊ शकते. फुले काढताना माणूस वाकतोच.

सड्यावरची

सर्वांचे मनापासून आभार. आज बारावा दिवस आहे आणि मी गावाहूनच लिहीत आहे.

त्याच रात्री आईने पट्टा सोडला. अण्णा आधी रागावले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मामेभावाने त्यांना रत्नागिरीला नेले. नव्या एक्स-रेत उजवीकडच्या सातव्या बरगडीची भेग स्पष्ट दिसली आणि फुप्फुसाच्या तळाशी थोडे पाणी साचल्याचेही दिसले. सोनोग्राफीत यकृत ठीक होते. २ दिवस दाखल करून घेतले, नंतर घरी सोडले. आठवड्याने पुन्हा दाखवायचे आहे. गोळीच्या पाकिटावर खरोखरच डायक्लोफिनॅक लिहिलेले होते. ती बंद करून पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी सुरू केले आहे.

करोनाच्या काळात घेतलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर कपाटात होते. मी पोहोचले तेव्हा त्यावर ९३ दिसत होते, आज सकाळी ९६ होते. तीन चेंडूंच्या उपकरणात अण्णांनी पहिल्यांदा फुंकरच मारली. ‘हालचाल’ ताईंनी लिहिले नसते, तर मीही तेच केले असते. पहिल्या दिवशी एक चेंडू जेमतेम हलला. काल दोन चेंडू वर राहिले. ते उपकरण ओटीवरच्या कोनाड्यात ठेवले आहे आणि घड्याळाचे टोले पडले की आई ते त्यांच्या हातात देते. उशीसाठी त्यांनी माझ्या लहानपणची कापसाची छोटी उशी निवडली. शिंक आली की ती छातीशी धरतात. परवा ते पूर्ण वाक्य बोलले, अगदी लांबलचक, माझ्या नोकरीविषयी तक्रारीचे. मला रडू आले.

घेरीविषयी विचारले तेव्हा, वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती, असे त्यांनी बऱ्याच आढेवेढ्यांनंतर कबूल केले. रक्तदाबाच्या गोळीची मात्रा डॉक्टर पुढच्या भेटीत तपासणार आहेत. पाखाडीवर ब्लीचिंग पावडर टाकून शेवाळ घासून काढले, वर झावळ्या अंथरल्या आहेत आणि एका बाजूने बांबूचा कठडा बांधून घेतला आहे.

एक शेवटचा प्रश्न. अण्णा आता ‘विहिरीवरून कळशी कधी आणू’ असे विचारू लागले आहेत. त्यांना काय सांगू?

हालचाल

ताई, वाचून फार बरे वाटले. भेग असलेली बरगडी भरून यायला साधारण ६ आठवडे लागतात. कूर्चेला इजा असेल तर १२ आठवड्यांपर्यंतही. वय पाहता अण्णांना थोडा अधिक वेळ लागू शकतो आणि मध्येच एखाद्या दिवशी पुन्हा चमक निघेल, त्याने त्यांनी खचू नये. अमुक दिवस भरले म्हणून नव्हे, तर दुखऱ्या जागेवर बोटाने दाबले असता कळ येत नाही आणि मोकळेपणाने खोकता येते, असे झाल्यावरच वजन उचलण्याचा विचार करावा. पहिले ६ आठवडे भरलेली कळशी, बादली, गॅसचा सिलिंडर आणि कोयत्याने झाडावर घाव घालणे बंद. चालणे मात्र आतापासूनच वाढवा, खांदे वर-खाली आणि गोल फिरवायला लावा, नाहीतर दुखऱ्या बाजूचा खांदा आखडतो. श्वासाचे व्यायाम, दुखणे गेले तरी, छातीचा पुढचा एक्स-रे स्वच्छ येईपर्यंत चालू ठेवा.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिल्या दिवशी तांब्याभर पाणी, मग अर्धी कळशी, तीही डाव्या हातात, आणि सोबत कोणीतरी असताना. विहिरीतून पोहऱ्याने पाणी ओढणे सर्वांत शेवटी, कारण त्या ओढीत दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर एकदम जोर येतो. तोपर्यंत पाणी दुसऱ्या कोणीतरी ओढावे आणि अण्णांनी कठड्याला धरून विहिरीपर्यंत चालत जाऊन यावे.